गाईंच्या वाटेवरचे चर्च

एडिनबरा म्हटले की टेकडीवरचा किल्ला आठवतो. पण त्याच शहरात, डोक्यावरून पूल गेलेली एक खोलगट गल्ली आहे, काउगेट. येथे ‘गेट’ म्हणजे दार नव्हे; जुन्या स्कॉट बोलीत वाट. गुरे चरायला नेण्याची ही वाट. तिच्या कडेला सेंट पॅट्रिक हे कॅथलिक चर्च उभे आहे.

गंमत अशी की ते कॅथलिकांसाठी बांधलेच नव्हते. १७७१ साली एपिस्कोपल पंथाच्या सधन मंडळींनी काम काढले. आराखडा जॉन बॅक्स्टरचा, मनोरा चौकोनी. १७७४ मध्ये ते पुरे झाले. अलेक्झांडर रन्सिमन या चित्रकाराने वेदीवर ख्रिस्ताचे स्वर्गारोहण रंगवले. घरी परतलेला उधळ्या मुलगाही रंगवला. कॅथलिकांची गत तेव्हा काय होती? १७७९ साली जमावाने त्यांचे प्रार्थनाघर जाळून टाकले!

१८१८ मध्ये सधन मंडळी शहराच्या नव्या भागात गेली. वास्तू प्रेसबिटेरियनांकडे आली. प्रार्थनास्थळी चित्रे त्यांना रुचेनात, म्हणून ती रंगाखाली झाकली. आम्हाला त्या उधळ्या मुलाचे वाईट वाटते.

पुढे आयर्लंडात १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजले आणि उपाशी कुटुंबे काउगेटच्या कोंदट खोल्यांत येऊन राहिली. त्याच सुमारास आपले पूर्वज मुंबईच्या जहाजांतून या बेटावर उतरत होते. परक्या मुलखात आपला देव कुठे ठेवायचा, ही चिंता वाचकांना समजावून सांगायला नको. १८५६ साली हे चर्च कॅथलिकांनी विकत घेतले.

येथील पाद्री एडवर्ड हॅनन यांनी १८७५ मध्ये तरुणांसाठी हिबर्नियन हा फुटबॉल क्लब काढला. ‘हा खेळ स्कॉट लोकांचा’ म्हणून संघटनेने आधी त्यांना प्रवेशच नाकारला. त्याच क्लबाने १८८७ साली स्कॉटिश कप जिंकला. हिंदू कॅडेट्स, तामिळ कॅडेट्स यांचे सामने पाहिलेल्या आमच्या पिढीला यातली चुरस कळेल.

दर्शनी कमान मात्र १९२९ची आहे. आत मार्गारेट सिंक्लेअर विसावली आहे. याच वस्तीतली ही मुलगी बिस्किटांच्या कारखान्यात राबली, पुढे जोगीण झाली आणि १९२५ साली क्षयाने वारली. तिचे अवशेष २००३ मध्ये येथे आणले. सप्टेंबरात पेर लावालच्या समाधीला सेंत-क्रुआला चालत जाणाऱ्या आपल्या मंडळींना तेथे परके वाटणार नाही.