लोहगडाची वाट आणि मिश्रणाची फोड

मंडळी, मळवलीला उतरून लोहगड चढताना एक गडी झपाझप जातो, दुसरा दर सावलीला टेकतो. एकत्र निघालेले दोघे माथ्यावर निरनिराळ्या वेळी पोचतात. वर्णलेखन ते हेच. पानांतले रंग खडूच्या भुकटीतून असे वेगळे करण्याची रीत रशियन शास्त्रज्ञ त्स्वेत यांनी १९०६ साली प्रसिद्ध केली. गुरुजी, शाईचा ठिपका दिलेला खडू पाण्यात उभा करून मुलांना दाखवाच.

पण एक घाणा उरकल्यावर दुसरा, अशानं कारखाना कसा चालायचा? समजा, पायऱ्याच खाली सरकू लागल्या, नि त्यांचा वेग दोघांच्या चालींच्या मधला ठेवला. मग मधल्या पायरीवर सोडलेल्यांपैकी चपळ गडी माथ्यावर जाईल, रेंगाळणारा पायथ्याशी येईल! मिश्रण मध्यावर अखंड ओतत राहावं.

मात्र भुकटी सरकवली तर झिजते. १९६१ च्या अमेरिकन पेटंटात ब्रॉटन यांनी तोड काढली: भुकटीच्या नळ्या जागच्या जागी, सरकतात ती दारं. लोहगडासारखी चारच. मिश्रण आत, ताजा द्राव आत, दोन बाहेर. ठरल्या वेळी चारी दारं प्रवाहाच्या दिशेनं एक नळी पुढं.

सगळी मेख त्या वेळेत आहे. घाई केली तर चपळही मागं पडून दुसऱ्यात मिसळतो. उशीर केला तर रेंगाळणाराही चपळाच्या दारी. द्राक्षशर्करा आणि फलशर्करा अशाच वेगळ्या करतात.

पदार्थ तीन असले तर? बाहेरची दारं दोनच, मधला कुणाच्या तरी बरोबर जाणारच. आधी एकाला काढायचं, उरलेली जोडी दुसऱ्या साखळीत घालायची.