अधोहनू लालाग्रंथी व तिची वाहिनी : रचना आणि व्याधी

प्रस्तावना : मानवी मुखात लालाग्रंथींच्या तीन प्रमुख जोड्या असतात : अनुकर्ण, अधोहनू व अधोजिव्हा. जेवायला बसताच जबड्याखाली गाठ येणे व तासाभराने ती ओसरणे, ही तक्रार अनेकदा दातदुखी किंवा गालगुंड समजून दुर्लक्षिली जाते. तिचे मूळ बहुधा अधोहनू ग्रंथीच्या वाहिनीत असते. म्हणून या ग्रंथीची रचना समजून घेणे आवश्यक ठरते.

रचना : ही ग्रंथी खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतील बाजूस असते. मुखाच्या तळाशी असलेल्या मायलोहायॉइड स्नायूच्या मागील कडेभोवती ती वळलेली असल्याने तिचे वरवरचा मोठा व खोल लहान असे दोन भाग पडतात. तोंड विश्रांतीत असताना स्रवणाऱ्या लाळेचा सर्वाधिक वाटा याच ग्रंथींचा असतो.

वाहिनी : थॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने १६५६ मध्ये वर्णिलेली ही वाहिनी सुमारे ५ सेंटीमीटर लांब असते. खोल भागातून निघून ती पुढे व वर जाते आणि जिभेखालील मध्यघडीच्या बाजूस, लहानशा उंचवट्यावर उघडते. वाटेत जिव्हा चेतातंतू तिला खालून वळसा घालतो. शस्त्रक्रियेत त्यास इजा झाल्यास जिभेच्या पुढील दोन-तृतीयांश भागाची संवेदना जाऊ शकते.

व्याधी : लाळखड्यांपैकी सुमारे ८० टक्के खडे याच ग्रंथीत व वाहिनीत आढळतात. घट्ट, कॅल्शियमयुक्त लाळ, चढता मार्ग आणि अरुंद मुख ही त्याची कारणे होत. जेवताना लाळ वाढते, वाट अडते व ग्रंथी फुगते.

तथापि प्रत्येक गाठ खड्याची नसते. मुखाच्या तळाचा कर्करोगही वाहिनीचे मुख दाबू शकतो. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी असली तरी तंबाखूचे सेवन थांबलेले नाही. त्यामुळे मराठवाड्यात ही शक्यता दुर्लक्षून चालणार नाही.

निष्कर्ष : जेवणाशी संबंध नसलेली, टिकून राहणारी वा कठीण गाठ आणि जिभेखालील न भरणारा व्रण यांची तपासणी विनाविलंब व्हावी. छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय असल्याने ती सोय जवळच आहे. विद्यार्थ्यांशी दररोज संपर्क असणाऱ्या प्राध्यापकांनी त्यांना वेळीच तेथे पाठविल्यास या शरीररचनेच्या ज्ञानाचे चीज होईल.