पुढारपण शिकता येते



"पुढारपण रक्तातच असावं लागतं," असे आपण चावडीवर सर्रास ऐकतो. हे खरे धरले तर सहकाराचा पायाच निखळेल. कारण सहकारात एका सभासदाला एकच मत असते. पन्नास एकरवाल्याला एक आणि वीस गुंठेवाल्यालाही एकच. मताचा हक्क सारखा असेल तर ते वापरण्याची समजही सर्वांत वाढली पाहिजे. ही समज जन्माने येत नाही. शिक्षणाने, कामाने आणि स्वतःशी विचार करण्याने येते.

सहकाराच्या पूर्वसुरींनी हे ओळखले होते. इंग्लंडात रॉचडेल गावी १८४४ साली २८ कामगारांनी पै-पै जमवून सहकारी दुकान काढले. पुढे दुकान चालू लागल्यावर त्यांनी नफ्यातले शेकडा अडीच सभासदांच्या शिक्षणासाठी बाजूला काढण्याचा नियम केला आणि वाचनालय चालविले. सभासद अडाणी राहिला तर दुकान चार हुशार माणसांच्या हाती जाईल, हे त्या गरीब माणसांना कळत होते.

आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. पुढे १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवत आणि वसतिगृहातली कामेही मुलेच करीत. वरवर पाहता ही काटकसर होती. पण कामाची पाळी लावणे, शिधा पुरवून वापरणे, ज्याच्याशी पटत नाही त्याच्याबरोबर काम निभावून नेणे, हेच तर पुढारपणाचे पहिले धडे! पुस्तकाबरोबर हे धडे मिळाल्यामुळे खेड्यातली पोरे पुढे संस्था चालवू शकली.

आता साखर कारखानदारीचे घ्या. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांचे शालेय शिक्षण बेताचेच. पण त्यांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून शेअर्स गोळा केले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९५० साली प्रवरेकाठी कारखाना उभा राहिला. एकाजवळ माणसांची पारख होती, दुसऱ्याजवळ अर्थशास्त्र. आपल्याला जे येत नाही ते ज्याला येते त्याला मानाने बोलावून घेणे, हेही पुढारपणच. त्यासाठी आपल्याला काय येत नाही, हे आधी स्वतःशी कबूल करावे लागते.

मग आपण सभासदांनी काय करायचे? तीन गोष्टी सांगतो.

पहिली, अहवाल वाचणे. वार्षिक सभेआधी अहवाल हाती येतो, आणि पुष्कळ घरांत तो तसाच फळीवर जातो. तो उघडा. साखरेचा उतारा ११ टक्के म्हणजे एक टन उसातून ११० किलो साखर. उतारा एक दशांश टक्क्याने हलला की टनामागे एक किलोचा फरक. उसाची एफआरपी उताऱ्याशीच बांधलेली आहे, आणि तीतून तोडणी-वाहतूक वजा होऊन बिल आपल्या हाती पडते. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावेत, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ताळेबंदात कर्ज गेल्या सालापेक्षा वाढले का, आणि शिल्लक साखर कोणत्या भावाने धरली, तेही पाहा. साखरेचा भाव चढा धरला की कागदावरचा नफाही फुगतो. कळले नाही तर घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीला जवळ बसवा. पोर आकडे सांगेल, तुम्ही उसाचे सांगा, दोघेही शिकाल.

दुसरी, प्रश्न विचारणे. विषय वाचला जातो, "मंजूर, मंजूर" अशी आरोळी उठते नि माणसं जेवायला उठतात. ही सभा नव्हे. एक प्रश्न आधी कागदावर लिहा, पान नंबर घाला आणि आवाज न चढवता विचारा. उत्तर पुरते ऐकून घ्या. आरडाओरडा करणाऱ्याला उत्तर टाळून बाजूला सारता येते. आकडा हाती असलेल्याला टाळता येत नाही. घरच्या लक्ष्मीच्या नावावर शेअर असेल तर सभेला तिला येऊ द्या, बोलू द्या. सही तिची आणि मत आपले, हा न्याय नाही.

तिसरी, स्वतःचा हिशेब. रात्री पाच मिनिटे वहीत दोन ओळी लिहाव्यात. आज कुणाचे बोलणे मधेच तोडले? कोणता शब्द दिला नि पाळला नाही? गेल्या निवडणुकीत मत काम बघून दिले, की भावकी बघून? ही वही कुणाला दाखवायची नाही. पण स्वतःला असे विचारण्याची सवय असली की दुसऱ्याला विचारताना जिभेला आपोआप वजन येते.

२०१३ साली आपल्या राज्याच्या सहकार कायद्यात कलम २४-अ घालण्यात आले. सभासद, पदाधिकारी आणि सेवक यांच्या सहकार शिक्षणाची जबाबदारी त्याने संस्थेवर टाकली आहे. तेव्हा शिबिर लागले की "आपलं काय काम तिथं?" म्हणू नका. हक्काने जा, येताना शेजाऱ्यालाही घेऊन या.

संचालकाच्या खुर्च्या मोजक्या असतात, त्या सर्वांना मिळणार नाहीत. पण खुर्चीत कोण बसतो आणि बसून काय करतो, हे ठरविणारा सभासद हजारोंनी आहे. तो जागा राहिला तर कारखाना त्याचा राहील. तो झोपला तर फक्त ऊस त्याचा राहील. म्हणून औंदाचा अहवाल हाती आला की तो फळीवर ठेवू नका. पहिले पान उघडा.