हुंगदुआनची भातखाचरे : रान, पाणी, ताल आणि मनुष्यबळ

डोंगरउतारावर भात पिकविणे हे कष्टाचे काम आहे, हे डोंगराळ भागातील शेतकऱ्यांना वेगळे सांगावयास नको. उतार जितका तीव्र, तितकी माती धरून ठेवणे कठीण आणि पाणी थोपविणे त्याहूनही कठीण. फिलिपाइन्समधील हुंगदुआन येथील शेतकऱ्यांनी ही दोन्ही कामे पिढ्यान्‌पिढ्या साधली आहेत. ती त्यांना कशी साधली, आणि अलीकडे ती साधणे अवघड का होत चालले आहे, याची माहिती ग्रामसेवकांना व शेतकरी बांधवांना उद्‌बोधक वाटेल.

स्थान व कारभार

लुझॉन हे फिलिपाइन्समधील सर्वांत मोठे बेट होय. त्याच्या उत्तर भागात कोर्डिलेरा नावाची उंच पर्वतराजी असून तिच्या कुशीत इफुगाओ हा लहानसा प्रांत वसला आहे. जुन्या माउंटन प्रांताचे विभाजन होऊन १९६६ साली तो स्वतंत्र झाला. या प्रांतात ११ मुनिसिपालिट्या आहेत व हुंगदुआन ही त्यांपैकी एक. आपल्याकडे मुनिसिपालिटी म्हटले की शहर डोळ्यांपुढे येते. तेथे मात्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. अनेक खेडी मिळून होणाऱ्या कारभाराच्या घटकास तेथे मुनिसिपालिटी म्हणतात. हुंगदुआनमध्ये असे ९ ग्रामविभाग आहेत. त्यांना ‘बरंगाय’ ही संज्ञा आहे. सर्व मिळून लोकसंख्या ९,००० च्या आसपास असून बहुतेक लोक इफुगाओ जमातीचे आहेत व शेतीवर निर्वाह करतात.

मुनिसिपालिटीचा प्रमुख, म्हणजे मेयर, लोकांनी निवडलेला असतो. १९९१ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने शेतीविस्ताराचे काम मध्यवर्ती सरकारकडून मुनिसिपालिट्यांकडे सोपविण्यात आले. त्यामुळे शेतकऱ्याच्या बांधावर जाणारा विस्तार कार्यकर्ता हा तेथे मुनिसिपालिटीचाच नोकर असतो.

सपाट जमीन येथे जवळजवळ नाही. नापुलावान हे येथील शिखर सुमारे २,६४० मीटर उंच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानी सेनापती यामाशिता याने याच डोंगरांचा आश्रय घेतला होता, व पुढे २ सप्टेंबर १९४५ रोजी तो शेजारच्या किआंगन येथे शरण आला. ज्या मुलखात फौजांना चालणे अवघड झाले, त्याच मुलखात शेतकऱ्यांनी पायऱ्यापायऱ्यांची खाचरे घडविली आहेत.

ताल कशी बांधतात

अशा पाणथळ खाचरास तेथे ‘पायो’ म्हणतात. उतारावर प्रथम मजबूत पाया घेऊन तालीची भिंत रचतात. हुंगदुआनमधील हापाओ भागात या भिंती दगडांच्या आहेत. ज्या ठिकाणी दगड मिळत नाही तेथे मातीच्याच ताली घालतात. भिंतीच्या आत तळाशी दगडगोटे व खडी, त्यावर घट्ट बसविलेली माती, आणि सर्वांत वर पिकाचा मऊ चिखल असे थर असतात. मधला घट्ट थर पाणी खाली झिरपू देत नाही. माती हलविण्याचे काम शक्य तेथे वाहत्या पाण्याकडूनच करून घेतात. पाटाचे पाणी वरून सोडले की माती त्याबरोबर वाहत येऊन हव्या त्या जागी बसते.

ही खाचरे दोन हजार वर्षांची आहेत असे पूर्वीचे अभ्यासक मानीत. या शतकात किआंगन परिसरात झालेल्या उत्खननांवरून मात्र निराळे अनुमान निघाले आहे. तेथे पूर्वी अळूची लागवड होती व पाणथळ भातशेतीचा मोठा विस्तार १६०० नंतर, स्पॅनिश सत्तेच्या दडपणामुळे लोक डोंगरात एकवटल्यावर झाला, असे हे संशोधक म्हणतात. हे मत खरे धरले तर एवढे प्रचंड काम थोड्याच पिढ्यांनी उभे केले असे म्हणावे लागेल. त्यावरून त्या समाजाच्या संघटनेची कल्पना येते.

माथ्यावरील रान

खाचरांच्या वर, डोंगराच्या माथ्याकडे, प्रत्येक कुटुंबाचे राखलेले रान असते. त्यास ‘मुयोंग’ असे नाव आहे. हे रान सरकारी नसून कुटुंबाच्या मालकीचे असते, आणि खाचराप्रमाणेच वारसाहक्काने पुढील पिढीकडे जाते. घरासाठी व कोरीव कामासाठी लाकूड, जळण, वेत, सुपारी, फळे आणि औषधी वनस्पती त्यातून मिळतात. विरळणी करणे, निरुपयोगी झुडपे काढणे, तोडलेल्या झाडाच्या जागी नवे रोप लावणे ही कामे मालक करतो.

परंतु मुयोंगाचा मुख्य लाभ पाण्याचा आहे. रानातील पालापाचोळा व मुळे पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि ते झऱ्यांच्या रूपाने हळूहळू खाली सोडतात. त्यामुळे पाऊस नसतानाही पाट वाहते राहतात. म्हणूनच ज्याच्या माथ्यावर रान नाही त्याच्या खाचराला तेथे कमी मोल येते. झाडतोडीवरील सरसकट निर्बंधांमुळे मुयोंग राखणाऱ्यांची अडचण होऊ लागली, तेव्हा वन खात्याने १९९६ साली या रानांसाठी वेगळ्या परवान्याची सोय केली. आपल्या रानातील लाकूड घरच्या गरजेसाठी घेता आले, तरच माणूस ते रान राखील, हे त्यामागील तत्त्व होय.

पाणी बारमाही का ठेवतात

झऱ्याचे पाणी पाटाने पहिल्या खाचरात येते. तेथून बांधातील खाचेतून ते दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे पायरीपायरीने उतरत अखेर नदीस मिळते. कापणी झाल्यावरही ही खाचरे कोरडी पडू देत नाहीत. कोरडी पडली तर चिखलाला भेगा जातात, आणि पुढल्या मोठ्या पावसात त्या भेगांतून पाणी तालीच्या पोटात शिरून ताल फुगते व ढासळते. वरची एक ताल कोसळली की तिचा मलबा खालच्या खाचरावर येतो. त्यामुळे एकाचा आळस दहांना भोवतो.

कापणीनंतर खाचरातील पेंढा व तण एकत्र करून पाण्यातच त्यांचे उंचवटे रचतात व त्यांवर भाजीपाला घेतात. पुढे हेच कुजलेले उंचवटे मोडून पसरतात. भातास ते उत्तम खत होते. खाचराच्या पाण्यात लहान मासे व खाण्याजोग्या गोगलगायी मिळतात, त्यामुळे जेवणात कालवणाचीही सोय होते.

पिकाचा क्रम

येथील पारंपरिक भातास ‘तिनावोन’ म्हणतात. वर्षातून एकदाच येणारे, असा त्याचा अर्थ आहे. हे उंच वाढणारे, गरवे व थंडी सोसणारे भात होय. कापणीपूर्वी अनुभवी स्त्रिया शेतात फिरून उत्तम लोंब्या बियाण्यासाठी निवडून घेतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास रोप टाकतात. त्या वेळी दाणे न झोडता सबंध लोंब्याच चिखलावर ओळीने मांडतात. लावणी साधारणतः जानेवारी ते मार्च आणि कापणी जून ते ऑगस्टमध्ये होते. कापणी लहान पात्याने एकेक लोंबी खुडून करतात. तिच्या पेंढ्या बांधून, वाळवून घराजवळच्या लाकडी कोठारात ठेवतात. ‘बुलुल’ नावाच्या कोरीव मूर्ती या धान्याच्या राखणदार मानल्या जातात.

केवळ भातावर वर्ष निघत नाही. गरीब कुटुंबांचा आधार पूर्वापार रताळ्यांवर राहिला आहे व ती उतारावर फिरत्या शेतीच्या पद्धतीने लावतात. अधिक उत्पन्नाच्या सुधारित जाती सखल भागात दोन पिके देतात खऱ्या, पण उंचावरील थंडीत त्यांपैकी पुष्कळांचे दाणे भरत नाहीत. म्हणून उंच भागात तिनावोनची जागा दुसरे भात सहजासहजी घेऊ शकत नाही.

श्रमाची वाटणी

लावणी व कापणी एका घराने उरकण्यासारखी नसते. त्यासाठी ‘उब्बु’ ही पद्धत आहे. आपण ज्यास सावड म्हणतो तीच ही होय. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या शेतात असे दिवस फेडले जातात. घर जळाले किंवा ताल कोसळली तर परतफेडीची अपेक्षा न ठेवता धावून जातात, त्यास ‘बद्दांग’ म्हणतात.

कामाचा आरंभ कोणी करावा हेही ठरलेले असते. हापाओ येथे ‘तुमोनक’ हा मान एका घराण्याकडे आहे. त्याच्या शेतात प्रथम लावणी व प्रथम कापणी होते, मग इतरांच्या शेतात. रूढी म्हणून याकडे पाहिले तरी त्यात शहाणपण आहे. सर्व खाचरे एका वेळी लावली गेल्याने पाण्याचा तंटा टळतो, आणि पक्षी, उंदीर व किडी यांचा उपद्रव एकाच शेतावर पडत नाही. कापणी संपली की लोक हापाओच्या नदीत उतरून ‘पुन्नुक’ हा ओढाताणीचा खेळ खेळतात. हा खेळ आशियातील इतर तीन देशांच्या अशाच खेळांसह २०१५ साली युनेस्कोच्या वारसायादीत नोंदविला गेला.

आजची संकटे

इफुगाओतील पाच खाचरसमूहांना युनेस्कोने १९९५ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे पसरलेला हुंगदुआनचा समूह त्यांपैकी एक आहे. परंतु २००१ साली हाच वारसा धोक्यात आलेल्या स्थळांच्या यादीत घालावा लागला. त्या सुमारास सुमारे २५ ते ३० टक्के खाचरे पडीक झाली होती व काही ताली ढासळल्या होत्या. पाटांची देखभाल थांबल्यामुळे हे घडले, आणि देखभाल थांबली ती माणसे गाव सोडून गेल्यामुळे. दुरुस्तीची व व्यवस्थापनाची कामे झाल्यावर २०१२ साली हे नाव त्या यादीतून काढण्यात आले.

गाव सोडण्यामागे कारणे आहेत. वर्षाला एकच पीक, तेही कित्येक घरांना वर्षभर न पुरणारे. रूढीप्रमाणे खाचराचा मोठा वाटा थोरल्या अपत्यास मिळतो. त्यामुळे खाचरांचे तुकडे होत नाहीत हे खरे, पण धाकट्यांना दुसरीकडे पाहावे लागते. शिकलेली मुले शहरात किंवा परदेशी नोकरीस जातात. ताल बांधण्याचे कसब पुस्तकात नसते, वडीलधाऱ्यांबरोबर काम करून ते हाती येते. मुले गावी नसली की हे शिकणे खुंटते.

दुसरे संकट सोनेरी गोगलगायीचे आहे. अन्न म्हणून व विक्रीसाठी ही दक्षिण अमेरिकेतील गोगलगाय १९८० नंतरच्या दशकात फिलिपाइन्समध्ये आणली गेली. पुढे ती भातशेतात पसरली व कोवळी रोपे फस्त करू लागली. सपाटीवरचा शेतकरी लावणीनंतर शेतातील पाणी उतरवून तिला आवर घालू शकतो. तालीच्या खाचरात मात्र पाणी उतरविणे म्हणजे तालीस धोका. विषारी औषधांनी मासे व स्थानिक गोगलगायीही मरतात. त्यामुळे हाताने वेचणे, गुलाबी अंड्यांचे पुंजके नष्ट करणे, पाण्याच्या तोंडाशी जाळी लावणे आणि जून रोप लावणे हेच उपाय उरतात व त्या सर्वांना माणसे लागतात. कोरड्या पडलेल्या खाचरांत मोठी गांडुळे बिळे करतात व त्यांतून ताल पाझरते, अशीही तक्रार आहे. तिचे मूळही पाणी कमी पडण्यात आहे.

उपायांची दिशा

केवळ ताली दुरुस्त करून भागत नाही, तिनावोनला चांगला भाव मिळाला पाहिजे, हे ओळखून या शतकाच्या पहिल्या दशकात स्त्रियांच्या उत्पादक गटांमार्फत कोर्डिलेरातील पारंपरिक तांदूळ परदेशी पाठविण्यास आरंभ झाला. २०१४ साली तेथील शेती खाते व आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था यांनी पारंपरिक भातांसाठी संयुक्त प्रकल्प हाती घेतला. या मार्गातही सावधगिरी लागते. आधीच घरी पुरत नसलेला तांदूळ विकून स्वस्त तांदूळ विकत घेण्याची पाळी येते, आणि मागणी वाढली तरी डोंगरावर नवे खाचर सहज निघत नाही.

सह्याद्रीच्या उतारांवरील भातखाचरे मुख्यतः पावसावर अवलंबून असतात व कापणीनंतर कोरडी पडतात. म्हणून हुंगदुआनची पद्धत जशीच्या तशी उचलण्यासारखी नाही. परंतु तेथील शेतकरी खाचर, पाट, ताल आणि माथ्यावरचे रान यांना एकच मालमत्ता समजतो, हा विचार येथेही उपयोगी आहे. ग्रामसेवकांनी पावसाळ्यापूर्वी एक दिवस ठरवून शेतकऱ्यांसह ओहोळाच्या उगमापासून शेवटच्या खाचरापर्यंत चालत यावे. माथ्यावर झाडे किती उरली, पाणी कोठे फुटते, खेकड्यांनी बांध कोठे पोखरला, कोणाची ताल फुगली आहे याची नोंद करावी, आणि ज्याच्या घरी माणसे नाहीत त्याचे काम सावडीत आधी घ्यावे. त्या फेरीत गावातील तरुण मुलांनाही बरोबर न्यावे.