मुक्ता : नाव आणि अर्थ

बारशाला हल्ली सुटसुटीत नावे पसंत पडतात. ‘मुक्ता’ हे त्यांपैकीच. पण त्यातला नवेपणा एवढाच, की मागचे ‘बाई’ गळाले.

संस्कृतात ‘मुक्ता’ म्हणजे मोती, तसेच बंधनातून सुटलेली. अर्थ दोन दिसले तरी धातू एकच : मुच्, म्हणजे सोडणे. शिंपल्यातून सुटतो तो मोती. आपला ‘मोती’ हा शब्दही ‘मौक्तिक’ यावरूनच आलेला. तेव्हा आजोळची मोतीबाई आणि घरची मुक्ताबाई या नावाने सख्ख्या बहिणीच म्हणायच्या!

मराठीत हे नाव रुजले ते ज्ञानेश्वरांच्या धाकट्या बहिणीमुळे. वयोवृद्ध चांगदेवांनी तिला गुरू केले, अशी परंपरा आहे. खानदेशातील एदलाबाद आज तिच्याच नावाने मुक्ताईनगर झाले आहे.

देपालपूर हा होळकरांचा मुलूख. म्हणून आपल्याला अहल्याबाईंची कन्या मुक्ताबाई अधिक जवळची. पती यशवंतराव फणसे वारल्यावर १७९१ साली ती महेश्वरी सती गेली. आईने परोपरीने विनवले. पण साऱ्या माळव्यात जिचा शब्द चाले, तिचा शब्द घरात चालला नाही. नाव मुक्ता, आणि रूढीतून सुटका नाही! हे वाचताना आजही मन चरकते.

पुढे १८५५ साली पुण्यात, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. नावाचा दुसरा अर्थ आमच्या मते या चौदा-एक वर्षांच्या मुलीने खरा केला.