तुटलेला सायलेन्सर-स्टड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोटरसायकलच्या सिलिंडरमधून बाहेर पडणारा जळका वायू ज्या वाकड्या नळीतून सायलेन्सरकडे जातो, ती नळी, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील बेंड पाइप, सिलिंडर हेडला बहुधा दोन स्टडांनी जखडलेली असते. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे पाडलेली, डोके नसलेली पोलादी कांडी. तिचे एक टोक हेडच्या ॲल्युमिनियममध्ये कायमचे बसवलेले असते, तर बाहेर राहिलेल्या टोकावर नट आवळून पाइपची पट्टी, म्हणजे फ्लँज, दाबून धरली जाते. लहान इंजिनांत या कांडीचा व्यास बहुधा ६ मिलिमीटर, तर मोठ्या इंजिनांत ८ मिलिमीटर असतो. पाइप सोडवताना ती हेडच्या तोंडाशी कडकन तुटली की जे सल्ले सुरू होतात, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच चुकीची कल्पना असते : पोलाद ॲल्युमिनियमला चिकटून बसले आहे, तेव्हा ते जोर लावून पिळून काढले पाहिजे. प्रत्यक्षात हे दोन धातू एकमेकांना चिकटलेले नसतात; त्यांच्या मधल्या फटीत गंज ठासून भरलेला असतो आणि खरी झुंज त्या गंजाशीच असते.

स्टड तुटला म्हणजे तो हलक्या प्रतीचा असणार किंवा आधीच्या मेकॅनिकने नट जादा आवळला असणार, हा निष्कर्ष म्हणूनच अपुरा ठरतो. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांना टेकून राहिले की त्यांच्यात बॅटरीच्या घटासारखी विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते, जिला गॅल्व्हॅनिक गंज म्हणतात; पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या जोडीत झीज ॲल्युमिनियमची होते आणि तिच्यातून तयार होणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने आट्यांमधली तसूभर फटही गच्च भरून जाते. बेंड पाइपचा हा सांधा नेमका पुढच्या चाकामागे असतो, त्यामुळे पावसाळाभर चाकाने उडवलेले चिखलपाणी तापलेल्या स्टडवर आदळत राहते. कोकणपट्टीत त्यात खाऱ्या हवेची भर पडते. आतल्या बाजूला हे घडत असताना बाहेरचा भाग तांबड्या गंजाने पोखरत जातो आणि कांडी हेडच्या तोंडाशी बारीक होते. पाचसहा पावसाळे काढलेला स्टड योग्य आवळलेला असला तरी तुटू शकतो तो यामुळे.

लांब पाना किंवा पान्याला जोडलेला पाइप वापरल्यास अडलेला नट सुटतो, ही समजूत तर साध्या गुणाकारानेही टिकत नाही. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १० किलोचा जोर दिला की सुमारे २० न्यूटन-मीटर पीळ पडतो, आणि ६ मिलिमीटरचा नट आवळण्यासाठी साधारणपणे १० न्यूटन-मीटरच्या आसपासचा पीळ पुरेसा असतो. पाइप जोडून पाना अर्ध्या मीटरचा केला, की तोच हात ५० न्यूटन-मीटर देतो, जो गंजाने बारीक झालेल्या कांडीला सोसवणे शक्य नसते. अनुभवी हात पान्यातून येणारी खूण ओळखतात. नट करकरत सरकला तर गंज सुटत आहे असे समजावे. पाना मात्र आवाज न करता मऊसर फिरत असेल आणि हात सैल करताच थोडा मागे येत असेल, तर फिरतो आहे तो नट नसून पिळली जाणारी कांडी आहे, आणि तेथेच थांबणे इष्ट. किंचित आवळून मग सोडवणे, पाव फेरा बाहेर आणून अर्धा पाव मागे नेणे आणि दर वेळी तेल सोडणे, ही रीत वेळखाऊ असली तरी तिच्यात गंजाचा चुरा बाहेर पडायला वाट मिळते.

तेलाविषयीही असाच एक भ्रम रूढ आहे. डब्ल्यूडी-४० हे द्रव्य १९५३ साली अमेरिकेत धातूवरील पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झाले, आणि नावातील ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा आहे. गच्च बसलेल्या आट्यांत शिरणे हा त्याचा मूळ हेतू नव्हे. त्या कामासाठी निराळी पातळ तेले मिळतात, पण त्यांनाही फटीत झिरपण्यास तास, कधी रात्रभर, लागतो, त्यामुळे फवारा मारून लगेच पाना लावणे म्हणजे तेल वाया घालवणे होय.

हेड तापवले की धातू फुगून भोक आवळते, ही समजूत वरवर पाहता पटणारी असली तरी वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे, कारण तापलेल्या तुकड्याची सर्वच मापे एकाच प्रमाणात वाढतात आणि त्यात भोकाचा व्यासही आला. ॲल्युमिनियमचे मिश्रधातू दर अंश सेल्सिअसला दहा लाखांत सुमारे २२ भाग, तर पोलाद सुमारे १२ भाग प्रसरण पावते; म्हणजे तापमान १५० अंशांनी वाढल्यास ६ मिलिमीटरचे भोक कांडीपेक्षा सुमारे ९ मायक्रॉन अधिक मोठे होते. ही जागा केसाच्या जाडीचा जेमतेम आठवा हिस्सा असली, तरी गंजाच्या थराला तडा देण्यास ती बहुधा पुरते. येथे धोका वेगळाच आहे : पोलादाप्रमाणे ॲल्युमिनियम वितळण्यापूर्वी लाल होऊन इशारा देत नाही, आणि हेडसाठी वापरले जाणारे सिलिकॉनयुक्त मिश्रधातू ६०० अंशांच्या आतच वितळू लागतात. म्हणून ज्योत एका जागी रोखून न धरता भोवताली फिरवावी लागते, आणि पाण्याचा थेंब तव्यावरच्यासारखा चुरचुरून उडू लागला की आवरते घ्यावे लागते. पेट्रोलची टाकी त्याआधी उतरवून दूर ठेवलेली असणे गृहीतच आहे.

या विषयातील सर्वांत महागडा गैरसमज मात्र एक्स्ट्रॅक्टरचा. उलट्या आट्यांचे हे निमुळते हत्यार स्टडच्या मध्याशी पाडलेल्या भोकात ठोकून उलटे फिरवले की तुकडा बाहेर येतो, असे मानले जाते. परंतु जो स्टड अखंड असताना नटाच्या जोराने फिरला नाही आणि तुटला, तो त्याच्या निम्म्या जाडीच्या हत्याराने फिरावा ही अपेक्षाच विसंगत आहे. शिवाय निमुळते टोक आत घुसताना पोकळ झालेल्या कांडीला बाहेर ढकलते आणि ती आट्यांत अधिकच घट्ट रुतते. एक्स्ट्रॅक्टर अतिशय कडक आणि म्हणूनच ठिसूळ पोलादाचा असतो. तो आत तुटला की साधे ड्रिल बिट त्याच्यावरून नुसते घसरते, आणि दोन तासांच्या कामाचे हेड उतरवण्याचे काम होते. उष्णतेने गंज आधीच सैल झाला असेल तरच हे हत्यार उपयोगी पडते, हे सांगण्यास त्याचे विक्रेते सहसा विसरतात.

याउलट वेल्डिंगचे नाव काढताच हेड जळेल अशी भीती व्यक्त होते, जी बव्हंशी निराधार आहे. तुटक्या टोकावर नट ठेवून त्याच्या पोटातून वेल्डिंगचा टाका भरल्यास पोलाद पोलादाला धरते, ॲल्युमिनियमशी मात्र ते एकजीव होत नाही. त्याच वेळी कांडी लालभडक होऊन गंजाचा थर चिरडते आणि निवताना आक्रसते. धरायला नवा नट आणि मोकळा झालेला गंज, असे दोन्ही लाभ एकाच टाक्यात मिळत असल्याने, टोक थोडेफार हाती लागत असेल तर हाच पहिला उपाय ठरावा. बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या तारा आधी सोडवणे, तसेच अर्थिंगचा चिमटा हेडजवळच लावणे, या दोन गोष्टींत मात्र हयगय चालत नाही, अन्यथा वेल्डिंगचा प्रवाह इंजिनच्या बेअरिंगमधून वाट काढतो.

ड्रिलने भोक पाडण्याची वेळ आलीच, तर प्रश्न ताकदीचा नसून मध्य साधण्याचा असतो. तुटलेला पृष्ठभाग वेडावाकडा आणि स्टड भोवतालच्या ॲल्युमिनियमहून कठीण असल्याने बिट नेहमी मऊ बाजूला पळते. म्हणून टोक कानशीने सपाट करून पंच मारणे, आणि लेथवर करून घेतलेली, फ्लँजच्या भोकात नेमकी बसणारी नळकांडी बिटाला वाट दाखवण्यासाठी वापरणे हितावह ठरते. ६ मिलिमीटरच्या स्टडात मध्यावर ५ मिलिमीटरचे भोक पडले, तर उरलेले पोलादी आटे स्प्रिंगच्या वेटोळ्यासारखे टोकदार सुईने उचकटून निघतात. तेच भोक अर्ध्या मिलिमीटरने सरकले तर एका बाजूचे मूळ आटे कापले जातात.

असे झाले तरी हेड भंगारात जात नाही. भोक मोठे करून, नवे आटे पाडून त्यांत स्टेनलेस तारेचे वेटोळे बसवतात, ज्याला हेलिकॉइल म्हणतात. ही डागडुजी कमजोर असते असा समज असला तरी भार अधिक व्यासाच्या ॲल्युमिनियमवर पसरत असल्याने ती मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरते. आत एक्स्ट्रॅक्टर तुटलेला असल्यास टूलरूममधील स्पार्क मशीनकडे वळावे लागते, जे विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरते आणि ज्याला कडकपणाचे सोयरसुतक नसते. ही पद्धत सोव्हिएत संघातील लाझारेंको दांपत्याने १९४३ च्या सुमारास विकसित केली. तुरटीच्या गरम द्रावणात पोलाद विरघळते आणि ॲल्युमिनियम जवळपास तसेच राहते, ही गोष्टही निव्वळ ऐकीव नाही, कारण घड्याळे दुरुस्त करणारे पितळेत तुटलेले स्क्रू याच पद्धतीने काढत आले आहेत. फक्त हेडमध्ये व्हॉल्व्हच्या लोखंडी सीट असतात, आणि तुरटी त्यांनाही सोडत नाही.

एका नटावर गाडी चालते म्हणून स्टड तसाच सोडून देणे, हा सोयीचा गैरसमज. फ्लँज तिरपी होते, उरलेल्या स्टडवर दुप्पट भार येतो आणि गॅसकेटपाशी फुसफुस सुरू होते. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तर या फटीतून आत ओढली गेलेली हवा पाइपमधील ऑक्सिजन सेन्सरची फसवणूक करते आणि नियंत्रक विनाकारण पेट्रोल वाढवतो.

नवा स्टड जितका कडक तितका चांगला, हेही खरे नाही, कारण अतिकडक कांडी तुटण्याऐवजी हेडचे आटे घेऊन बाहेर येते. आटे पकडून ठेवणारे नेहमीचे लॉकिंग द्रव्य येथे निरुपयोगी असते, कारण ते सुमारे १५० अंशांपुढे ढिले पडते. त्याऐवजी तांब्याची भुकटी असलेली अँटी-सीझ पेस्ट लावावी, आणि वंगणामुळे त्याच पिळात ताण अधिक बसत असल्याने नट थोड्या कमी पिळाने आवळावा. शक्य असल्यास तो नट पितळी निवडावा, म्हणजे पुढच्या खेपेस बळी गेलाच तर स्टडाऐवजी नटाचा जाईल.