यादी खरं बोलली पाहिजे

कामठी तालुक्यातल्या बचत गटांची समन्वयक म्हणून मी गावोगाव फिरते. आज बोलायचं आहे आपल्या मोबाईलवरच्या दुकानाबद्दल. दुकान उघडायचं कसं, हे आता बऱ्याच जणींना येतं. फोटो काढला, भाव टाकला, झालं. पण त्यानंतर मालाची यादी रोजच्या रोज खरी कशी ठेवायची, हे मात्र आम्ही ठेच लागल्यावरच शिकलो. ती ठेच आधी सांगते.

कोराडीच्या जगदंबेच्या नवरात्रात आमच्या गटानं स्टॉल लावला होता. जवसाच्या चटणीची 60 पाकिटं केली होती. त्यातली 46 स्टॉलवरच संपली, उरली 14. पण मोबाईल सांभाळणाऱ्या ताईच्या हिशेबात अजून 60 च होती. त्याच रात्री नागपूरहून ऑर्डर आली. घरच्या कार्यक्रमासाठी 40 पाकिटं, परवापर्यंत हवीत. ताईनं हो म्हटलं. समोरच्या बाईंनी 90 रुपयांप्रमाणे 3,600 रुपये पाठवूनही दिले. सकाळी डबा उघडला आणि सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे पाहत बसलो. पूर्ण पैसे परत केले. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "नव्हतं तर हो कशाला म्हटलं ताई?"

चूक कोणाची? स्टॉलवरच्या ताईला वाटलं, मोबाईलवाल्या ताईला कळेलच. मोबाईलवाल्या ताईला वाटलं, संपलं तर सांगतीलच. दोघीही मन लावून काम करत होत्या. मधला निरोपच गेला नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. मोबाईलला फक्त तेवढंच कळतं, जेवढं आपण त्याला सांगतो. मोठ्या ऑनलाइन दुकानांवर आपण मालाचा आकडा भरतो आणि तिथून विक्री झाली की तो आपोआप कमी होतो. पण तुम्ही आठवडी बाजारात काय विकलं, शेजारणीला काय दिलं, हे त्याला कसं कळणार? व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये तर पाकिटं मोजली जातच नाहीत. फोटो, नाव, भाव आणि वर्णन, एवढंच दिसतं. मोजायचं काम आपलंच.

म्हणून पहिली सवय: मूळ वही एकच. साधी शंभर पानी वही चालते. प्रत्येक वस्तूला एक पान. वर लिहा वस्तूचं नाव, वजन, भाव, घातलेले पदार्थ, बनवल्याची तारीख, किती दिवस टिकते. खाली तीन रकाने: आले, गेले, उरले. यालाच शिकलेले लोक प्रॉडक्ट डेटाबेस म्हणतात. नाव मोठं आहे, पण आहे ती दुकानदाराची वहीच. पाकीट कुठूनही गेलं, स्टॉलवरून, घरून की मोबाईलवरून, नोंद याच वहीत. आणि मोबाईलवर जे लिहायचं, ते वहीत पाहूनच.

दुसरी सवय: प्रत्येक वस्तूला खूण द्या. चटणी म्हणजे नेमकी कोणती? जवसाची की तिळाची, 100 ग्रॅमची की 200? आम्ही लिहितो ज-100, ज-200, ती-100. हीच खूण पाकिटावर, वहीत आणि कॅटलॉगमध्ये. कॅटलॉगमध्ये आयटम कोड भरायला जागा असते. फोनवर ऑर्डर घेतानाही खूण विचारून घ्या, गोंधळ होत नाही.

तिसरी सवय: स्टॉलचा माल वेगळा, ऑनलाइनचा वेगळा. 60 पाकिटं असतील तर 40 स्टॉलच्या पेटीत आणि 20 मोबाईलच्या पेटीत. त्यातलीही दोन हातची ठेवायची, मोबाईलवर 18 च धरायची. एखादं पाकीट फुटतं, एखादं मोजताना चुकतं. स्टॉलवर कमी पडलं तर मोबाईलवाल्या ताईला विचारल्याशिवाय दुसऱ्या पेटीला हात लावायचा नाही.

आता दुसरी गोष्ट सांगते. ती आठवली की अजून अंगावर काटा येतो.

त्या गडबडीनंतर आम्ही घाईनं नवीन चटणी केली. जवस कमी पडला म्हणून थोडे शेंगदाणे घातले. चव छान झाली. पण लेबल जुनं आणि यादीही जुनीच: जवस, तीळ, मिरची, लसूण, मीठ. एका आईचा मेसेज आला, "माझ्या मुलाला शेंगदाणे चालत नाहीत, अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो. तुमच्या चटणीत नाहीत ना?" मोबाईलवाल्या ताईनं यादी पाहिली आणि लिहून दिलं, "नाहीत." पार्सल बांधणारी ताई सहज म्हणाली, "अगं बाई, यावेळी दाणे घातले ना!" पार्सल दारातून परत घेतलं. त्या आईला फोन करून खरं सांगितलं. ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

त्या दिवशी आम्हाला कळलं की यादी म्हणजे आपली जीभ आहे. आपण झोपलेल्या असतो तेव्हाही ती गिऱ्हाईकाशी बोलत असते. मालाचा आकडा चुकला तर पैसे परत करता येतात. यात काय परत करणार होतो?

म्हणून चौथी सवय: पदार्थ बदलला की वस्तू नवी. नवी खूण, नवं पान, नवं लेबल. शेंगदाणे, दूध, सोयाबीन, गहू, काजू-बदाम यांची ज्यांना अ‍ॅलर्जी असते, त्यांच्यासाठी हे लेबलवर लिहिणं अन्न सुरक्षेच्या नियमानं बंधनकारक आहे. तेच ऑनलाइन वर्णनातही लिहा. आपला 14 आकडी नोंदणी क्रमांकही द्या. वजन, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि छापील किंमत ऑनलाइन दाखवण्याचा नियम तर 1 जानेवारी 2018 पासून आहे. कच्चा माल महागला म्हणून भाव वाढवला, तर जुन्या छापील पाकिटावर जास्त पैसे घेता येत नाहीत. ती आधी जुन्याच भावात संपवा. आणि भाव बदलण्याआधी आलेली ऑर्डर जुन्याच भावात द्या.

पाचवी सवय तारखेची. आधी बनलेलं आधी बाहेर. ऑनलाइन विकलेला खाद्यपदार्थ गिऱ्हाईकाच्या हाती पडताना त्याची 30 टक्के मुदत किंवा 45 दिवस तरी शिल्लक असावेत, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ठरवून दिलं आहे. चटणी 90 दिवस टिकत असेल, तर साधारण साठाव्या दिवसानंतर ती ऑनलाइन यादीतून काढा आणि जवळपास विका. टपालात जाणारे दिवसही त्यातच धरा.

माल संपला तर काय करायचं? बऱ्याच जणी वस्तू पुसूनच टाकतात. मग नव्यानं फोटो, नव्यानं वर्णन. त्याची गरज नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये ती वस्तू उघडा, तिथे आयटम लपवायची सोय आहे. लपवलेली वस्तू गिऱ्हाईकाला दिसत नाही, पण आपल्याकडे राहते. कुरडया, सांडगे, पापड आपण उन्हाळ्यात करतो. संत्र्याचं सरबत, संत्रा बर्फी बहाराप्रमाणे होते, आंबिया हिवाळ्याच्या तोंडावर आणि मृग फेब्रुवारीनंतर. हंगाम संपला, माल संपला की लपवा. हंगाम आला की पुन्हा दाखवा.

तुमचा माल उमेद मार्ट, ई-सरस किंवा आणखी कुठे असेल, तर वहीच्या पानावर कोपऱ्यात त्या सगळ्या जागांची नावं लिहा. भाव किंवा पदार्थ बदलला की प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण करत जा. एक जागा राहिली तरी गिऱ्हाईक नेमकं तिथूनच येतं.

शेवटी, हे काम कोणाचं? "सगळ्यांचं" म्हटलं की ते कोणाचंच राहत नाही. यादीवाली ताई एकच नेमा, ती नसेल तेव्हाची दुसरीही आधीच ठरवा. आठवड्याच्या बचतीच्या बैठकीत वीस मिनिटं काढा. एकीनं वही वाचायची, दुसरीनं पेटीतली पाकिटं मोजायची, तिसरीनं मोबाईल पाहायचा. तिन्ही आकडे जुळले की मग चहा. आणि या वेळेचा मोबदला त्या ताईला द्या. पापड लाटणं जसं काम आहे, तसं यादी सांभाळणंही कामच आहे.

त्या आईनं पुढे काय केलं, सांगते. महिन्याभरानं तिचाच मेसेज आला: "ज-200 मध्ये आता दाणे आहेत का?" आम्ही यादीवर विसंबलो नाही. वही उघडली, पेटी उघडली, ज्या ताईनं चटणी कुटली तिला विचारलं, ज्या कढईत दाणे भाजतो ती वेगळी आहे ना हेही पाहिलं, आणि मगच उत्तर दिलं. तिनं दोन पाकिटं मागवली.

तुमच्या गटाची वही आज रात्रीच सुरू करा. पुढच्या वेळी पुन्हा बोलू. नमस्कार!